'लिंक' म्हणजे नेमकं काय? बँकेत, रेशनवर, खताच्या दुकानात शब्द एकच, अर्थ वेगवेगळे; कुठे काय विचारायचं ते वाचा

पिपरी मेघे (वर्धा) : "लिंक नाही आहे, उद्या या." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या भागात सापडणं कठीण. बँकेत हेच, रेशन दुकानात हेच, सेतू केंद्रात हेच. मोबाइलवर "खालील लिंकवर क्लिक करा" असा मेसेज येतो. कृषी केंद्रात "युरियावर लिंकिंग आहे" म्हणतात. बचत गटाच्या बैठकीत "बँक लिंकेज"चा विषय निघतो. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा राहते. अर्थ समजला नाही तर माणूस भलत्याच खिडकीवर रांग लावतो, मजुरी बुडवतो, आणि हप्ता येत नाही तो नाहीच.

म्हणून आज या एका शब्दाची पूर्ण माहिती घेऊ. इंग्रजी आलं पाहिजे असं काही नाही. शब्द कळला की काम होते.

मूळ अर्थ : साखळीची कडी

लिंक म्हणजे साखळीतली एक कडी. बैलाच्या साखळीची एक कडी हातात धरा. एका बाजूने ती मागच्या कडीत अडकली आहे, दुसऱ्या बाजूने पुढच्या. यालाच इंग्रजीत लिंक म्हणतात. पुढे त्याचा अर्थ वाढत गेला आणि दोन गोष्टींना जोडणारं जे काही असेल त्याला लिंक म्हणू लागले. मराठीत जागेप्रमाणे कडी, जोड, जोडणी, दुवा, संबंध असे शब्द त्यासाठी आहेत.

हा शब्द मोबाइलसोबत आला असं आपल्याला वाटते, पण शेताशी त्याचं नातं जुनं आहे. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजायची साखळी तयार केली. लांबी ६६ फूट, कड्या १००. त्यातली एक कडी म्हणजे एक 'लिंक', ७.९२ इंचाची. अशी एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे ४,३५६ चौरस फूट, आपल्या हिशेबाने बरोबर चार गुंठे. अशा दहा जागा मिळून एक एकर. म्हणजे ओटीपी येण्याच्या कितीतरी आधी लिंक धुऱ्यावर येऊन गेली होती.

लिंक म्हटलं की दोन टोकं आलीच

समजा कोणी सांगितलं, "त्याच्या पोरीची सोयरीक जुळली." आपण लगेच विचारतो, "कोणाशी?" त्याशिवाय ते बोलणं पूर्णच होत नाही. लिंकचंही तसंच आहे. "तुमचं लिंक नाही" हे अर्धं वाक्य झालं. काय लिंक नाही आणि कशाशी लिंक नाही, ही दोन्ही टोकं कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

हा 'शी' मागणारा शब्द आहे. आधार बँकेशी. मोबाइल आधारशी. सातबारा आधारशी. पॅन आधारशी. 'शी'च्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, एवढं विचारलं तरी निम्मं काम झालं. पुढे जे काही दिलं आहे ते या एका 'शी'चंच आहे.

"लिंक नाही" : मशीनची की माझी?

बँकेतली किंवा रेशन दुकानातली "लिंक नाही" दोन प्रकारची राहते. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार मशीनचा. बँकेच्या शाखेतला कॉम्प्युटर दूर असलेल्या मुख्य कॉम्प्युटरशी जोडलेला राहते. आपल्या खात्याचा हिशेब तिथे असतो. मधली लाइन बंद पडली की शाखेला पासबुक भरता येत नाही आणि पैसे देता येत नाहीत. रेशनच्या ई-पॉस मशीनचंही असंच आहे. यात तुमची काही चूक नाही आणि तुम्हाला कोणता कागद आणायचा नाही. लाइन आली की काम होते. अशा वेळी फक्त एवढं विचारा : "लाइन केव्हा येईल? दुपारून येऊ की उद्या?"

दुसरा प्रकार तुमच्या खात्याचा. आधार खात्याशी जोडलेलं नाही, किंवा रेशन कार्डावरच्या एखाद्या माणसाची ई-केवायसी झाली नाही. इथे दहा वेळा चकरा मारल्या तरी काम आपोआप होणार नाही. फॉर्म भरावा लागेल, अंगठा द्यावा लागेल.

दोन्ही वेळेला समोरचा माणूस "लिंक नाही" एवढंच म्हणतो. खिडकीवर गर्दी असते, त्याला समजावून सांगायला वेळ राहत नाही. म्हणून आपणच विचारावं : "साहेब, मशीनची लिंक नाही की माझी लिंक नाही?" या एका प्रश्नाने पुढच्या तीन चकरा वाचू शकतात.

आधार लिंक एक नाही, चार आहेत

सर्वात जास्त घोळ इथे आहे. "माझं आधार लिंक आहे ना" असं माणूस छातीठोक सांगतो आणि तरी पैसे येत नाहीत. कारण आधारच्या नावाने चार वेगवेगळ्या जोडण्या आहेत.

१) मोबाइल आधारशी. ओटीपी याच नंबरवर येतो. सिम बदललं, नंबर बंद झाला आणि आधारमध्ये जुनाच नंबर राहिला, तर ओटीपी येणार नाही. आधारच्या सरकारी वेबसाइटवर 'आधार व्हॅलिडिटी' तपासली की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. नंबर बदलायचा असेल तर आधार केंद्रावर जा. पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनकडेही ही सोय आहे.

२) मोबाइल बँकेशी. पैसे जमा झाले, निघाले याचा मेसेज याच नंबरवर येतो. हे काम बँकेत होते, आधार केंद्रात नाही. आधारमध्ये नंबर बदलला म्हणून बँकेतला नंबर बदलत नाही. दोन्हीकडे वेगळं सांगावं लागते.

३) आधार खात्याशी. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, त्यांनी खात्यावर नंबर चढवला, ही झाली साधी लिंक. माणसाची तीन बँकेत तीन खाती असतील तर तिन्ही खात्यांवर आधार चढलेलं असू शकते.

४) आधार सीडिंग. सरकारी मदतीसाठी कामाची आहे ती ही. सीड म्हणजे बी. आधार नंबर देशाच्या एका यादीत एका बँकेच्या नावापुढे पेरला जातो. ही यादी एनपीसीआय ही संस्था सांभाळते. पैसे आधारवरून पाठवले जातात तेव्हा ते ही यादी पाहूनच पाठवले जातात. या यादीत एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव राहते. नंतर दुसऱ्या बँकेत सीडिंग केलं की पहिलीचं नाव जाते आणि दुसरीचं येते.

आता हिशेब लावून पाहा. समजा एखाद्या काकाजींचं खातं पंधरा वर्षांपासून एका बँकेत आहे. मध्ये गावात शिबिर लागलं, तिथे अंगठा देऊन दुसऱ्या बँकेत नवीन खातं उघडलं आणि फॉर्मवर सीडिंगच्या चौकटीत खूणही झाली. पुढचा हप्ता त्या नवीन खात्यात जाईल. काकाजी जुनं पासबुक भरून पाहतील आणि म्हणतील, हप्ता बंद झाला. पैसे तर आले आहेत, पण दुसऱ्या घरी उतरले आहेत. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हाही पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जात होते. अर्जासोबत ज्या पासबुकाची झेरॉक्स लावली त्याच खात्यात येतील असं धरून बसलेल्या बहिणींची तेव्हा बरीच धावपळ झाली.

कोणत्या बँकेत सीडिंग आहे हे घरी बसून पाहता येते. 'माय आधार' या सरकारी वेबसाइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत जा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' दाबा. बँकेचं नाव दिसेल आणि पुढे 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा 'इनअ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं असेल. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे चालू. इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे बंद, बँकेत जाऊन पुन्हा फॉर्म भरा. तिथे खात्याचा नंबर दिसत नाही, फक्त बँकेचं नाव दिसते. आधारबाबत काही अडलं तर १९४७ या नंबरवर फोन करता येतो.

बँकेत गेल्यावर "आधार लिंक करून द्या" असं म्हणू नका. "लिंक तर आहे" असं उत्तर मिळेल आणि तेही खोटं नसेल. "डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्यात करून द्या" असं म्हणा. फॉर्मची पोच घ्या.

शेताची लिंक

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दर हप्ता २,००० रुपयांचा. हप्ता अडला तर पीएम किसानच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती पाहा. तिथे तीन गोष्टींपुढे 'यस' पाहिजे : ई-केवायसी, लँड सीडिंग आणि आधार-बँक सीडिंग. तीनपैकी एकापुढेही 'नो' असेल तर अडचण कुठे आहे ते तिथेच कळते.

ई-केवायसी 'नो' असेल तर ओटीपीने किंवा सेतू केंद्रात अंगठ्याने करून घ्या. आधार-बँक सीडिंग 'नो' असेल तर बँक गाठा. लँड सीडिंग म्हणजे शेतजमिनीची नोंद तुमच्या नावाशी जोडणं. ते 'नो' असेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही, सातबारा घेऊन तहसील किंवा कृषी कार्यालयात जावं लागेल. तीन आजार, तीन डॉक्टर.

आता शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, आला आहे. त्यात तुमच्या नावावरचे गट नंबर आधारशी जोडले जातात. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असं बऱ्याच जणांचं राहते. सातबाऱ्यावर नुसतं पाळण्यातलं नाव, आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. कुठे वडिलांचं नाव चुकलं, कुठे वारसाची नोंदच झाली नाही. अशी तफावत असेल तर जोड लागायला अडचण येते. ती पेरणीच्या गडबडीत नाही, उन्हाळ्यातच निस्तरून घ्यावी. एकापेक्षा जास्त गटांत जमीन असेल तर सगळे गट चढले की नाही तेही पाहावं.

मोबाइलवर येणारी लिंक

ही लिंक म्हणजे रस्ता. निळ्या अक्षरावर बोट ठेवलं की मोबाइल तुम्हाला दुसऱ्या पानावर नेतो. रस्ता वाईट नसतो, पण तो कुठे नेतो हे पाहूनच पाय टाकावा.

सरकारी वेबसाइट ओळखायची एक साधी रीत आहे. पत्त्यात सुरुवातीचं 'डबलस्लॅश' सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा. त्या रेघेच्या अगदी आधी 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' पाहिजे. चोर लोक पत्त्यात 'पीएम किसान', 'गव्ह' असे शब्द घालतात, पण शेवट 'डॉट कॉम', 'डॉट एक्सवायझेड' असा काही तरी राहते. माणसाचं आडनाव शेवटी पाहतो, तसा पत्त्याचाही शेवट पाहायचा. अक्षरं सरकारी दिसली तरी आतला रस्ता दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून जाण्यापेक्षा पत्ता स्वतः टाकलेला बरा.

लिंक दाबल्यावर एखादी 'एपीके' फाइल उतरू लागली तर तिथेच थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके ही कुलूप न पाहता किल्ली देण्यासारखी गोष्ट आहे. ती टाकली की मोबाइलमधले मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. सरकारी योजना असो, दंडाची पावती असो की लग्नाची पत्रिका, एपीके आली की पुसून टाका. ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली असली तरीही, कारण त्याचा मोबाइल आधीच फसलेला असू शकतो.

पैसे गेलेच तर लाजू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. लगेच १९३० वर फोन लावा, बँकेला कळवा. जेवढा लवकर फोन, तेवढी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

खतावरची 'लिंकिंग'

इथे लिंक शब्दाचा अर्थ होतो सक्तीची जोड. कपाशीला युरियाचा डोस द्यायची वेळ आली की कृषी केंद्रात सांगतात, "युरिया पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल." युरियाच्या ४५ किलोच्या बॅगची ठरलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे. पण सोबतची बाटली किंवा दुसरं खत धरून शेतकऱ्याच्या खिशातून कितीतरी जास्त जातात. दुकानदार म्हणतात वरून कंपनीच लावते. वरून कोणीही लावो, न लागणारा माल शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचा अधिकार कोणाला नाही.

काय करावं? पक्कं बिल मागा, त्यावर प्रत्येक मालाची किंमत वेगळी लिहून घ्या. नको असलेला माल घ्यायला लावला तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. खताच्या विक्रीवर १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू आहे आणि तक्रारीसोबत बिल असलं की चौकशीला आधार मिळतो. चार शेतकऱ्यांनी मिळून दिलेल्या अर्जाला वजन जास्त.

आणखी कुठे कुठे हा शब्द येतो

बँक लिंकेज : बचत गटाला बँकेचं कर्ज मिळवून देणारी जोड. नाबार्डने १९९२ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. गटाची नियमित बचत आणि परतफेड पाहून बँक गटाला कर्ज देते. 

शेअर लिंकिंग : विविध कार्यकारी सोसायटीतून पीककर्ज घेताना कर्जाच्या प्रमाणात सभासदाच्या नावाने भाग घेतला जातो. कापलेली रक्कम तुमच्याच नावावर भाग म्हणून जमा राहते. किती कापली आणि एकूण किती जमा आहे हे सचिवाला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पॅन-आधार लिंक : याची मुदत ३० जून २०२३ ला संपली. ज्यांनी जोडलं नाही त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. एक हजार रुपये भरून ते पुन्हा चालू करता येतात.

रिव्हर लिंक : नदीजोड. वैनगंगा-नळगंगा प्रकल्पात गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्याने बुलडाण्यापर्यंत नेण्याची योजना आहे. त्यात आपला वर्धा जिल्हाही येतो.

लिंक रोड : दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा रस्ता. यात काही घोळ नाही, फक्त खड्डे राहतात.

स्क्रीनवर दिसणारे शब्द

लिंक नाऊ : आता जोडा.
लिंक्ड : जोडलेलं आहे.
नॉट लिंक्ड : जोडलेलं नाही.
ऑलरेडी लिंक्ड : आधीच जोडलेलं आहे. कशाशी, ते खाली वाचा.
डीलिंक : जोड तोडणे. हे बटण विचार केल्याशिवाय दाबू नका.
लिंक एक्सपायर्ड : रस्ता बंद झाला, नवीन मागवा.
लिंक फेल्ड : जोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बहुतेक वेळा नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही.

इंग्रजी वाक्यात या शब्दाच्या मागे 'टू' किंवा 'विथ' येते. ते दोन्ही आपल्या मराठीतले 'शी' आहेत. 'लिंक्ड टू बँक' म्हणजे बँकेशी जोडलेलं. त्या 'टू'च्या पुढे काय लिहिलं आहे ते वाचलं की दुसरं टोक सापडलं.

कामातून शब्द शिकायचा

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून द्यावं, असा विचार तिथून देशभर गेला. नयी तालीमची ती सुरुवात. आज आपल्या हातात चरख्याच्या जागी मोबाइल आहे, पण शिकायची रीत तीच चालते. शब्दाचं पाठांतर केलं तर तो विसरतो. स्वतःचं सीडिंग स्टेटस एकदा स्वतः उघडून पाहिलं तर कायमचा लक्षात राहते. घरात शाळा-कॉलेजात जाणारा पोरगा किंवा पोरगी असेल तर एक संध्याकाळ त्यांना सोबत घेऊन बसा, आणि आई-आजीच्या आधारचंही पाहून घ्या. ओटीपी मात्र घराबाहेर जाऊ देऊ नका.

खिडकीवर विचारायचे पाच प्रश्न

१) मशीनची लिंक नाही की माझी?
२) माझं काय लिंक नाही, आणि कशाशी?
३) ते कोणत्या ऑफिसात होईल, इथेच की दुसरीकडे?
४) कोणता फॉर्म आणि कोणते कागद लागतील?
५) झालं की नाही हे मला कुठे दिसेल?

हे पाच प्रश्न कागदावर लिहून पासबुकात ठेवा. गावात एखादी म्हातारी माय दोन-तीन वेळा बँकेतून परत आली असं ऐकलं तर तिलाही सांगा. तिला "लिंक नाही" एवढंच ऐकू आलं असेल. कशाशी नाही, हे तिच्या वतीने आपण विचारायचं.